शक्ती प्लास्टरमधून जात नाही

रविवारी सकाळी त्या जुन्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. निम्म्या लोकांचे पाय प्लास्टरमध्ये होते आणि ते लांब पसरून बसले होते. उरलेले निम्मे त्या पायांना धक्का लागू नये म्हणून बगळ्यासारखी उंच पावलं टाकत जागा शोधत होते. कुणी मुलाच्या पाठीवर आलं होतं, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी दोन शेजाऱ्यांच्या खांद्यांवर लटकून. समोर फळ्यांचा चौथरा, त्यावर खुर्ची, खुर्चीत कुबडीबाबा. आणि बाबांच्या पाठीमागे, पार छताकडे चढत गेलेला मोडक्या कुबड्यांचा ढीग.

एका माणसाला चौथऱ्यावर आणलं. बाबांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि नाकातून भुंग्यासारखा आवाज काढला. मग म्हणाले की हाडात लहर उठली आहे, आता तिला वाट करून द्यायची. ते उठले, त्या माणसाची कुबडी हातात घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "कुबडी म्हणजे शंकेची फांदी. शंका मोडा, हाड जोडा!" असं म्हणून त्यांनी ती आपल्या गुडघ्यावर आपटली. कडाड. दोन तुकडे ढिगावर गेले. मग बाबांनी त्या माणसाचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "चल." आणि तो चालला की हो. आधी एक पाऊल, मग दुसरं, मग रडत रडत पार दारापर्यंत. माझ्या शेजारच्या बाईंनी पदराने डोळे टिपले. मीही टिपले असते, पण माझं लक्ष त्या ढिगाकडे होतं. त्या कुबड्या आमच्या होत्या.

सांगते. शहरातल्या मोठ्या इस्पितळात, हाडांच्या विभागात, मी व्यायाम शिकवते. मोडलेलं हाड डॉक्टर बसवतात. त्या हाडाच्या मालकाला आखडू न देण्याचं काम माझ्याकडे. पेशंट मला व्यायामवाल्या बाई म्हणतात, आणि दुखलं की याहून वाईट काहीतरी म्हणतात. आमच्याकडून लोकांना लाकडी कुबड्या वापरायला मिळतात, वरच्या टोकाला पिवळा पट्टा मारलेल्या. काम झालं की परत आणून द्या, एवढीच अट. गेले काही महिने त्या परत येईनात. आमचा भांडारवाला रोज माझ्या डोक्यावर बसायचा, कारण नव्या पेशंटच्या हातात द्यायला कुबडी शिल्लक नव्हती, आणि ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर, की बाबांनी मोडली. आता पिवळे पट्टे समोरच दिसत होते, रचून ठेवल्यासारखे.

पण खरं सांगायचं तर मी कुबड्यांसाठी गेले नव्हते. मी गेले होते आत्याच्या मागोमाग.

माझी आत्या शिंपीण. तिचं एका खोलीचं दुकान, त्यात पायाने चालवायचं मशीन, आणि त्या मशीनवर तिने सगळं आयुष्य काढलं. समोरच्या दुकानात विजेचं मशीन आलं तेव्हा सगळ्यांनी तिला मोटर बसवायचा सल्ला दिला. ती म्हणाली, मोटर कापड पळवते, मला कापड चालवायचं असतं. बाई अशी की मोडेन पण वाकणार नाही. वरच्या फळीवरचा तागा काढताना स्टुलावरून पडली आणि उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडून घेतला. मी तिला स्ट्रेचरवर म्हटलंसुद्धा, मोडलीस तर खरी, आता थोडी वाकशील का? तशा वेदनेतही तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट स्ट्रेचर ढकलायला लागले.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत धातूची पट्टी आणि स्क्रू घातले. पुढचा प्रश्न प्लास्टरचा होता. आमच्या विभागात नेमका याच गोष्टीचा अभ्यास चालू आहे: असं ऑपरेशन झाल्यावर पायाला घट्ट प्लास्टर घालणं बरं, की पट्ट्यांचा काढता-घालता येणारा बूट बरा. जे पेशंट तयार होतात त्यांच्यासाठी चिठ्ठी काढतात. प्लास्टर की बूट हे चिठ्ठी ठरवते. डॉक्टरही ठरवत नाहीत आणि मीही नाही. नाहीतर आम्ही धडधाकट पेशंट आपल्या आवडत्या बाजूला ढकलणार आणि मग टाळ्या पिटणार. मग बरे झालेले, न झालेले, मध्येच रुसून गेलेले, सगळे मोजायचे. आत्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि तिला चिठ्ठी आली बुटाची.

झालं. तेव्हापासून तिच्या मनात अढी बसली. खोलीतल्या सगळ्या बायकांना मिळालं चांगलं पांढरंशुभ्र प्लास्टर, आणि हिला मिळाला बूट. सख्खी भाची इस्पितळात असून! मी परोपरीने समजावलं. बूट दिवसातून काही वेळा काढायचा, पंजा वर-खाली करायचा, म्हणजे सांधा आखडत नाही. पण या पायावर वजन टाकायचं नाही, अगदी चमचाभरसुद्धा नाही, जोपर्यंत एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसत नाही. तिला मधुमेह आहे, हाडं मऊ झालीत, त्यामुळे डॉक्टरांनी हे तीन-तीनदा बजावलं होतं. व्यायाम ती मन लावून करायची. वजनाचं मात्र रोज विचारायची, आज टाकू का, उद्या टाकू का. एकदा मी तिचा पाय हातात घेऊन बसले होते तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "हात शाबूत आहेत गं माझे. पण पायाशिवाय ते मशीन म्हणजे नुसतं टेबल आहे. मी टेबलापाशी बसून काय करू?"

तिला भीती वाटत होती. माझ्या आत्याला कशाची भीती वाटते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि मलाच धसका बसला.

त्यात तिच्या दुकानाशेजारचा बेकरीवाला एक दिवस तिच्यासमोर ताठ चालत आला. त्याचं नडगीचं हाड मोडलं होतं, तोही आमचाच पेशंट. बाबांनी चालवलं, म्हणाला. आणि आत्याने त्या रविवारी बूट चढवला, कुबडी काखेत घेतली आणि रिक्षा बोलावली.

तर मी गोदामात उभी राहून बघत होते. बाबा काही सगळ्यांना चौथऱ्यावर घेत नव्हते. त्यांची एक सेविका गर्दीतून फिरायची आणि माणसं निवडायची. प्लास्टरवाल्यांपाशी आली की बाबा खुर्चीतूनच हात हलवायचे. "आधी इस्पितळात जाऊन हे पांढरं बंधन उतरवून या. माझी शक्ती प्लास्टरमधून जात नाही." लोक बापडे हात जोडायचे आणि मागे सरकायचे. मला आधी हसू आलं. बाबांना म्हणे भिंतीपलीकडचं दिसतं, मागचा जन्म दिसतो, आणि शक्ती अडते कुठे तर बोटभर चुन्यात.

हसता हसता एकदम डोक्यात उजेड पडला. माणसांचे चेहरे मी विसरते, पाय विसरत नाही, धंदाच तो. चौथऱ्यावर चढलेला एकेक पाय मी ओळखला. फिकट कातडी, तिचे पापुद्रे निघालेले, पोटरी दुसऱ्या पायाच्या निम्मी. प्लास्टर नुकतंच उतरलं की पाय असाच दिसतो. आणि प्लास्टर कधी उतरतं? मोठे डॉक्टर एक्स-रे बघून म्हणतात हाड जुळलं, तेव्हा. म्हणजे ही माणसं चौथऱ्यावर चढायच्या आधीच बरी झाली होती. बाबांना फक्त पापुद्रे ओळखता येणं पुरेसं होतं. याला आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

मी हे मनात घोळवतेय तोवर सेविका आत्यापाशी पोचली होती. तिने बुटाच्या पट्ट्या सोडायला सांगितल्या. आत्याचा पाय बाहेर आला, प्लास्टर नसलेला, व्यायामाने मोकळा, तेल लावून नीट ठेवलेला. सेविकेने बाबांना खूण केली. बाबांनी लांबूनच पाहिलं आणि प्रसन्न हसले. "माई, तुमचं हाड पिकलंय. पुढच्या रविवारी या. तुम्हाला सगळ्यांसमोर चालवतो."

बाबांना बूट ठाऊकच नव्हता. त्यांच्या हिशेबी प्लास्टर नाही म्हणजे पाय बरा. आजवर त्यांनी चुकूनही कुणाचं नुकसान केलं नव्हतं, कारण आमचं प्लास्टर त्यांच्यासाठी राखण करत होतं. आत्याच्या पायावर ती राखणच नव्हती. पुढच्या रविवारी ती कुबडी टाकून त्या घोट्यावर उभी राहिली असती तर आतले स्क्रू मोडले असते, हाड पुन्हा सरकलं असतं, आणि मग मशीनचं पायडल तिला फक्त बघायला उरलं असतं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं, पापुद्र्यांसकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कसं का होईना, चालतात ना ती माणसं?" मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, म्हणून काय कावळ्याने फांदी तोडली? ती म्हणाली, तुला कावळा दिसतो, मला चालणारा बेकरीवाला दिसतो.

मी तणतणत बेकरीवाल्याकडे गेले. त्याला म्हटलं, अहो, तुमचं प्लास्टर आम्ही काढलं तेव्हाच डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं नव्हतं का? त्याने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाला, "सांगितलं की. फोटो बघितला, 'चाला' म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं. माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. घरी आलो आणि पाय टेकवायचा धीरच होईना. वाटायचं, टेकला की मोडणार. किती दिवस भिंतीला चिकटून होतो. बाबांनी माझा हात धरला, बाई."

उंटावरून शेळ्या हाकायची आमच्या विभागाला सवय आहे, हे मला माहीत होतं, पण बेकरीवाल्याच्या तोंडून ऐकल्यावर ते चांगलंच झोंबलं. त्या दिवशी पाव घ्यायला विसरले.

आत्याला मी शेवटी तिच्याच भाषेत विचारलं. म्हटलं, पट्टी आणि स्क्रू म्हणजे कच्चा टाका. दोन तुकडे जागच्या जागी धरायचे, एवढंच त्यांचं काम. पक्की शिवण हाड स्वतः घालतं. आधी तिथे रक्त साकळतं, मग मऊ गाठ धरते, मग ती गाठ हळूहळू कडक होते. त्याला सहा-आठ आठवडे लागतात, तुझ्या साखरेमुळे थोडे जास्तच. कच्च्या टाक्यावर तू कधी गिऱ्हाइकाला झगा घालून पाठवलायस? तिने बुटाची एक पट्टी ओढून घट्ट केली. मग म्हणाली की टाका कच्चा की पक्का हे तुला तरी कुठे आतून दिसतं, आणि बाबांना जर दिसत असेल तर?

तिथेच मला युक्ती सुचली. मी म्हटलं, पैज लाव. पुढच्या रविवारी मी माझ्या धडधाकट पायाला प्लास्टर घालून येते. बाबांना आतलं दिसत असेल तर पाय धड आहे म्हणून मला हाकलून देतील. तसं झालं तर तू खुशाल चाल, मी तोंडातून शब्द काढणार नाही. आत्या हसली. म्हणाली, फजिती होईल तुझी. पण ती न्यायाची बाई, तिने हातावर हात मारला. हात मारल्यावर मला घाम फुटला, कारण बाबा निव्वळ नशिबाने बरोबर ठरले असते तर आत्याचा घोटा मी पैजेत हरणार होते.

प्लास्टर घालणाऱ्याला आमच्याकडे सगळे मामा म्हणतात. मामांनी माझा पाय गुडघ्यापर्यंत झकास मढवला, सुकल्यावर दोन्ही बाजूंनी कापून त्याची दोन टरफलं केली आणि वरून पट्टी गुंडाळून दिली, म्हणजे ओढली की मोकळी. तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. त्यांनी चष्म्यावरून माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे अभ्यासात कुठे बसत नाही. दाराशी जाऊन परत वळले आणि म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंना त्या पायावर उभं राहू देऊ नका. काय वाटेल ते करा."

दुसरा रविवार. गर्दी आणखी वाढलेली. आत्या पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी पाय पसरून. सेविका आली आणि आत्याची कुबडी शुद्ध करायला आत न्यायची म्हणाली. चौथऱ्यावर जाणाऱ्या सगळ्यांच्या कुबड्या अशाच आधी आतल्या खोलीत जायच्या. आत्याने सरळ नाही म्हटलं. आजवर तिने आपली कात्रीसुद्धा कुणाच्या हातात दिलेली नाही. "इथेच करा काय शुद्ध करायचं ते." सेविका घुटमळली आणि निघून गेली.

मग बाबा माझ्याकडे वळले. माझं प्लास्टर जरा जास्तच कोरं करकरीत होतं, मामांना काम चोख लागतं ना. बाबा त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की माझा जीव टांगणीला लागला. मी कण्हल्यासारखं केलं आणि विचारलं, बाबा, माझं कुठे मोडलंय? त्यांनी डोळे मिटले, भुंगा वाजवला, आणि माझ्या नडगीच्या मध्यावर बोट टेकवलं. "इथे. दोन तुकडे आहेत, एकावर एक चढलेत. कच्चं आहे. जा, बंधन उतरलं की ये. शक्ती यातून जात नाही."

मी आत्याकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं होतं. पण बाबा तोवर तिच्यापाशी पोचले होते आणि त्यांनी तिचा हात धरून तिला उठवलंसुद्धा होतं. बूट आधीच काढलेला. एका पायावर उभी असलेली माझी आत्या, दुसरा पाय जमिनीपासून जेमतेम वर.

"थांबा," आत्या म्हणाली. तिने बाबांना विचारलं, की माझ्या भाचीचा पाय मोडलाय हे नक्की ना? बाबा म्हणाले, मला दिसतंय, दोन तुकडे. आत्या माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पोरी, दाखव."

मी पट्टी ओढली, दोन टरफलं बाजूला टाकली आणि त्या पायावर उड्या मारल्या. डाव्या पायावर, एकट्या. कुणीतरी किंकाळी फोडली. मला वाटलं, पितळ उघडं पडलं, आटोपलं. कुठलं काय. बाबा क्षणभर गडबडले, मग दोन्ही हात वर करून ओरडले, "बघा! नुसतं बोट लावलं आणि जुळलं!" आणि अहो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या त्याच बाईंनी पुन्हा डोळे टिपले आणि माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला. मी इतकी कधीच वेंधळ्यासारखी उभी राहिले नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण आत्या काही टाळ्या वाजवत नव्हती. तिचा आवाज मोठा नाही, दुकानात बसून बोलायचा आवाज तो, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "पण बाबा, आत्ताच तुम्ही म्हणालात की शक्ती प्लास्टरमधून जात नाही. मग हिच्या प्लास्टरमधून कशी गेली?"

टाळ्या थांबल्या. पाठीमागे प्लास्टरवाले बसले होते, दर रविवारी हेच कारण ऐकून परत जाणारे. त्यातला एक जण म्हणाला, हो की, मग माझ्या पायाला का नाही लावलं बोट? दुसरा म्हणाला, मलाही लावा. तिसऱ्याने तर आपला पाय उचलून पुढे धरला. बाबा आता घाईला आले. त्यांनी ओळखलं की गर्दी हातातून निसटतेय, आणि आपला हुकमी डाव टाकला. आत्याच्या हातातली कुबडी हिसकली, शंकेची फांदी म्हणत उंच धरली आणि गुडघ्यावर आपटली.

मी धावले आणि आत्याला कमरेतून धरलं, कारण तिचा आधारच गेला होता. त्यामुळे कुबडी मोडली नाही हे मला आवाजावरून कळलं. कडाड आलाच नाही. नुसता एक ठप्प आवाज आला आणि मागोमाग बाबांचं "आई गं." त्यांनी पुन्हा आपटली. पुन्हा ठप्प. सेविका कानाशी लागून काहीतरी सांगत होती, बहुतेक शुद्धीचं राहिलंय हेच, पण बाबा एका पायावर नाचत होते.

बेकरीवाला गर्दीत होताच. तो चौथऱ्यावर चढला, ढिगातून एक तुकडा उचलला, मोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग दुसरा उचलला. मग सगळ्यांकडे वळवून धरला. प्रत्येक कुबडी एकाच उंचीवर मोडलेली, आणि मोडीचा अर्धा भाग कुसळांचा, अर्धा सपाट गुळगुळीत. आतल्या खोलीत करवतीने अर्धी कापून वर मेण फासलेलं. ही शुद्धी. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं गोदाम हसायला लागलं.

त्या हसण्यात आत्याने बाबांसमोर हात पुढे केला. "ती कुबडी द्या इकडे. मला तिच्यावर घरी जायचंय."

बाबांनी मुकाट्याने दिली.

चार दिवसांनी बाबा आमच्या विभागात आले, लंगडत, टोपी पार कानांवर ओढून. गुडघा टम्म सुजला होता. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मोडलं नाही, मुका मार आहे म्हणून सांगितलं. बाबांनी विचारलं, बरं व्हायला किती वेळ लागेल? मी म्हटलं, लहर उठेल तेव्हा. डॉक्टरांनी माझ्याकडे रागाने बघितलं, म्हणून मग बर्फ कसा लावायचा ते नीट शिकवलं. कुबडी हवी का विचारलं, तर नको म्हणाले. गोदाम आता बंद आहे. लोक विचारतात, बाबांना तुरुंगात का नाही घातलं? तक्रार केली आहे, पुढचं ज्याचं त्याने बघावं. मला जास्त चुटपुट वेगळ्याच गोष्टीची होती.

ती मी आमच्या सोमवारच्या बैठकीत बोलून दाखवली. म्हटलं, हाड आपण जोडलं आणि पाऊल बाबांनी टाकायला लावलं. हाड जुळलं तरी माणूस अजून मोडलेलाच असतो. महिना-दोन महिने जपलेल्या पायावर एकदम भार टाकायचा म्हणजे त्याच्या छातीत धडधडतं. आणि आपण फोटोकडे बघून "चाला" म्हणतो. डॉक्टरांनी ते टिपून घेतलं. मग म्हणाले की प्लास्टर उतरलं की पहिलं पाऊल इथेच टाकायचं, कुणीतरी हात धरून. आता ते माझ्याकडे आहे. याने खरंच फरक पडतो का, हेही आम्ही मोजतोय, कारण आपल्याला आवडलं म्हणून ते खरं मानायचं ठरवलं तर आमच्यात आणि बाबांत फरक काय राहिला?

तुम्हाला एवढंच सांगायचंय. हाड जुळतं ते स्वतःच्या गतीने, आणि डॉक्टर, बूट, प्लास्टर, व्यायाम हे सगळे त्याच्या मदतीला. कुणी म्हणालं की माझ्यामुळे इतके बरे झाले, तर पहिल्यांदा विचारा, बरे न झालेले कुठे आहेत? आणि ते बरे तुमच्यामुळे झाले की तुमच्या आधीच झाले होते? हे प्रश्न बाबांना विचारा, आणि मलाही विचारा. ज्याला राग येईल त्याच्याकडे पाय घेऊन जाऊ नका.

आत्याचा एक्स-रे अखेर मनासारखा आला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला, मग खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत्याबाई, पक्की शिवण झाली." कच्च्या टाक्याची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली होती, मला आठवत नाही. मी तिचा हात धरला. तिचा तळहात घामाने ओला होता आणि माझाही. तिने पाय टेकवला, थोडा, मग आणखी थोडा. "दुखतंय," म्हणाली. मी म्हटलं, दुखणारच. "मोडणार नाही ना?" नाही मोडणार, म्हटलं. मग तिने दुसरा पाय उचलला. आम्ही दोघी खिडकीपर्यंत गेलो आणि तिथे उभ्या राहून निर्लज्जासारख्या रडलो. मामा प्लास्टर कालवता कालवता थांबून बघत होते.

आता तिचं मशीन चालतं. घोटा आखडलेला नाही, पायडल पहिल्यासारखं पडतं. एवढ्याने बूटच बरा असं ठरत नाही. एका आत्यावरून काही ठरवू नये, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणते, तू मोज बाकीच्यांना, माझं ठरलंय.

मध्यंतरी ती स्वतःच्या पायांनी चालत इस्पितळात आली आणि थेट भांडारवाल्याच्या खिडकीपाशी गेली. काखेत कुबडी होती, पिवळ्या पट्ट्याची. काखेत टोचतं म्हणून तिने वर कापूस भरून फुलाफुलांच्या कापडाची छानशी गादी शिवली होती. तेव्हापासून प्रत्येक नव्या पेशंटला तीच कुबडी हवी असते. भांडारवाला डोळे विस्फारून बघतच राहिला, कारण कित्येक महिन्यांत परत आलेली ती पहिली.

आत्याने ती खिडकीतून आत सरकवली. "घे. मोडलेली नाही, बघून घे."